पाण्यात उतरवणाऱ्याचं देणं

आमच्या वस्तीतला एक पोरगा नौदलात निवडला गेला. अग्निवीर म्हणून. २०२२ साली सरकारनं काढलेली ती चार वर्षांची नोकरी. चार तर चार. पोरगा पहाटे उठून धावला, पुस्तकं मागून आणून परीक्षा दिली, पास झाला. वस्तीत पेढे वाटले. त्याच रात्री तो माझ्याकडं आला. मी रात्रपाळीला निघालो होतो. हळू आवाजात म्हणाला, "दादा, मला पोहता येत नाही. तिथं पाण्यात उतरवतात म्हणं. लई भ्या वाटतं. जाऊ का नको?"

मी काही बोलायच्या आत ओट्यावर बसलेले तात्या बोलले. तात्या म्हणजे चळवळीतला जुना माणूस. लाठ्या खाल्लेला, जेल पाहिलेला. ते म्हणाले, "आपल्या माणसाला पाणी झेपत न्हाई पोरा. रक्तातच न्हाई ते."

पोरगा गप झाला. मी सायकल काढली आणि गिरणीत गेलो. रात्रभर रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधत होतो आणि डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. रक्तातच नाही. हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? विद्या यांच्या रक्तात नाही. राज्य करणं यांच्या रक्तात नाही. अख्खी मनुस्मृती या वाक्यावर उभी आहे. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ती जाळली. मग तिचं हे वाक्य आमच्या तात्यांच्या तोंडात जिवंत कसं राहिलं?

म्हणून हे लिहितोय. मी कॉलेजात गेलेलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जेवढं वाचलं तेवढीच माझी विद्या. पण प्रश्न साधा आहे आणि दोस्तहो, तो तुमचा-आमचाच आहे. ज्याला पोहता येत नाही त्याला 'पाण्यात उतर' म्हणायचा हक्क कुणाला? आणि कधी?

पहिल्यांदा ते रक्ताचं बघू.

मलाही पोहता येत नव्हतं. आमच्या गावात विहिरी होत्या. उन्हाळ्यात मळेवाल्यांची पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकायची. बाप नाहीतर चुलता पाण्यात असायचा, पोराच्या पोटाखाली हात धरायचा. काही दिवसांनी डबा सुटायचा आणि तेच पोरगं काठावरनं मुटका मारायचं. आम्ही लांबून बघायचो. आईनं बजावलेलं, तिकडं फिरकायचं नाही. आईला दोन भीती होत्या. एक, पोरगं बुडंल. दुसरी, पोरगं पाण्याला शिवंल. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. आता सांगा, यात रक्त कुठं आलं? त्या पोरांना डबा होता, विहीर होती, पोटाखाली चुलत्याचा हात होता. आम्हाला यातलं काही नव्हतं.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचंही हेच झालं. १९७२ साली आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव ज्यांच्याकडनं घेतलं तीच ही माणसं, म्हणून त्यांचं उदाहरण घेतो. तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की काळ्याला पाणी झेपत नाही. १९८७ साली अल कॅम्पॅनिस नावाच्या बेसबॉलमधल्या एका बड्या अधिकाऱ्यानं टीव्हीवर बसून सांगितलं, की काळी माणसं चांगली पोहत नाहीत कारण त्यांच्या अंगाला तरंगणं नाही. त्या बोलण्यापायी त्याची नोकरी गेली. पण असं मानणारा तो एकटा नव्हता.

खरं काय होतं? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या जुन्या युरोपियन प्रवाशांनी लिहून ठेवलंय की तिथली माणसं पट्टीची पोहणारी. गुलाम करून नेल्यावर त्यांनाच मोती काढायला, बुडालेल्या जहाजांतला माल काढायला पाण्यात उतरवलं. मग त्यांच्या नातवंडांचं पोहणं गेलं कुठं? २७ जुलै १९१९. शिकागो. युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा पोरगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यावर काही रेघ ओढलेली नव्हती. एका गोऱ्यानं दगड मारले. पोरगा बुडून मेला. त्यावरनं पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं गेली. १९६४ साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावात काळी आणि गोरी माणसं एका मोटेलच्या पोहण्याच्या तलावात एकत्र उतरली, तर मालकानं पाण्यात ॲसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं तर तलाव सगळ्यांना खुले करायची वेळ आली तेव्हा तलावच बंद केले, आणि १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं.

हे वाचताना मला चवदार तळं दिसत होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि नंतर गावानं १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही. तिकडं ॲसिड, इकडं गोमूत्र. बाटली वेगळी, हात तोच.

तर रीत अशी आहे. आधी पाणी बंद करायचं. दोन-तीन पिढ्या जाऊ द्यायच्या. बाप शिकला नाही म्हणून पोराला शिकवणार कोण? पोरगा पाण्याला भ्यायला लागला की मग म्हणायचं, बघा, यांच्या रक्तातच नाही. २०१७ साली अमेरिकेत पाहणी झाली, त्यात १०० पैकी ६४ काळ्या पोरांना पोहणं येत नाही किंवा जेमतेम येतं असं दिसलं. गोऱ्यांत हाच आकडा ४०. हा आकडा रक्ताचा नाही, बंद केलेल्या तलावांचा आहे.

आता फौजेत काय करतात ते बघू. अमेरिकेच्या नौदलाचा नियम छापील आहे, तोच घेतो. नव्या रंगरुटाला उंचावरनं खोल पाण्यात उडी मारावी लागते. मग ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर पोहायचं. मग ५ मिनिटं पालथं तरंगायचं. आणि शेवटी अंगावरच्या शर्टात नाहीतर पँटीत हवा भरून तिच्या आधारानं राहायचं. एवढं जमलं की तो 'थर्ड क्लास स्विमर'. आपल्याकडं थर्ड क्लास ही शिवी. तिथं तो किमान आहे, ज्याच्या खाली कुणालाही ठेवायचं नाही.

पँटीचं मला भारी वाटलं. दोन्ही पायांच्या टोकांना गाठ मारायची. पँट डोक्यामागनं झपाट्यानं पुढं आणून पाण्यावर आपटायची, तिच्यात हवा शिरते. कंबर पाण्याखाली हातानं आवळायची आणि फुगलेल्या दोन पायांच्या मधे मान घालायची. मधनंमधनं कापडावर पाणी मारत राहायचं. मी सूत काढणारा माणूस, हे मला लगेच कळलं. कोरडं कापड असलं की उभ्या-आडव्या धाग्यांच्या फटींतनं हवा निघून जाते. भिजलं की सूत फुगतं, फटीत पाणी बसतं, हवा आत अडकते. ज्या पँटीनं माणूस खाली ओढला जाईल असं वाटतं, तीच त्याला वर धरते. पण हे माहीत असणं वेगळं आणि नाकातोंडात पाणी जात असताना हातांना आठवणं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा करून घेतात. घाबरलेलं अंग हातपाय झाडतं, झाडून झाडून दम संपतो, मग ओरडायलाही श्वास उरत नाही. छातीत हवा भरून गप पडलेलं अंग बहुतेक करून तरंगतं, काळं असो, गोरं असो. शिक्षण म्हणजे हे गप पडणं अंगात मुरवणं.

हे सगळं त्यांना फुकट सुचलेलं नाही. ३० जुलै १९४५ ला 'इंडियानापोलिस' नावाची त्यांची युद्धनौका जपानी पाणबुडीनं बुडवली. सुमारे १२०० माणसं होती. तीनेकशे जहाजाबरोबर गेली. बाकीची चार दिवस समुद्रात. वाचली ३१६. आज रंगरुटांना जिथं पोहायला शिकवतात त्या तलावाला या जहाजाचं नाव आहे.

आणि जो नापास होतो त्याचं काय? त्याला वेगळा काढतात आणि जादा शिकवतात. पास झाल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. आपल्या शाळांची परीक्षा आठवा. ती पोरं गाळायला असते. इथं एकाला गाळून चालत नाही, कारण तो बुडाला तर त्याला काढायला जाणारा दुसराही बुडतो. पोहता येत नाही हा रंगरुटाचा गुन्हा धरत नाहीत, शिकवणाऱ्याचं राहिलेलं काम धरतात. निदान नियम तरी असा आहे.

नियम मोडला की काय होतं, तेही त्याच देशात झालं.

८ एप्रिल १९५६, रविवारची रात्र. दक्षिण कॅरोलिनात पॅरिस आयलंड म्हणून मरीन सैनिकांचं शिक्षण केंद्र आहे. स्टाफ सार्जंट मॅथ्यू मॅकीऑन याच्या ताब्यात ७१ नंबरची तुकडी होती. पोरांना शिस्त नाही असं त्याला वाटत होतं. त्या दिवशी तो दारू प्यालेला होता. आठच्या सुमाराला तो सत्तरच्या वर पोरांना घेऊन रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरला. भरती-ओहोटीचं पाणी, खाली चिखल, मधेच ठाव न लागणारी जागा. काही पोरांना पोहता येत नव्हतं. अंधारात एकाचा पाय सुटला, त्यानं दुसऱ्याला धरलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सहा पोरं मेली.

खटला चालला. असे रात्रीचे मोर्चे ही तिथली पडलेली पद्धत होती, असं बचावानं मांडलं. मनुष्यवधाच्या आरोपातनं मॅकीऑन सुटला, निष्काळजीपणानं जीव घेतला आणि रंगरुटासमोर दारू प्याला यात दोषी ठरला. शिक्षा कमी होत होत तीन महिने आणि हुद्दा काढून साधा शिपाई, एवढी राहिली.

दोस्तहो, यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. मॅकीऑन काठावर उभा राहून हुकूम सोडत नव्हता. तो स्वतः पुढं होता, पाण्यात. बुडणाऱ्यांना काढायला तो धडपडला. भित्रा नव्हता, राक्षसही नव्हता. आपण नेहमी म्हणतो, पुढाऱ्यानं पुढं असावं, मागं राहून पोरांना ढकलू नये. बरोबर आहे. पण रिबन क्रीक सांगतं की एवढ्यानं भागत नाही. पुढाऱ्याला पोहता येतं. मागच्या पोराला येत नाही. दोघं एकाच पाण्यात आहेत असं वरनं दिसतं, पण ते एक पाणी नाही.

त्याला पोरांचं धैर्य बघायचं होतं, असं म्हणता येईल. पण धैर्य कशाचं बघणार? ज्याला शिकवलंय त्याला खोल पाण्यात उतरवलं तर ती परीक्षा. ज्याला शिकवलं नाही त्याला उतरवणं हा जुगार, आणि डावावर लावलेला जीव दुसऱ्याचा. बुडालेली सहा पोरं काय भित्री होती? ती तर हुकूम मिळाल्यावर काळ्याकुट्ट पाण्यात शिरली. धैर्य त्यांच्याकडं होतंच. नव्हतं ते पोहणं, आणि ते देणं दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. हुकमाचा हक्क शिकवण्यातनं येतो. शिकवायचं देणं फेडल्याशिवाय 'उतर' म्हणायचा हक्क कुणालाच नाही. सरकारला नाही, सार्जंटला नाही.

यावर तुमच्यातला एखादा म्हणेल, अरे, फौज पोहायला शिकवते ती स्वतःच्या गरजेसाठी. गिरणीत आम्हाला मशीन शिकवतात तसं. त्याचं काय एवढं कौतुक? मुद्दा खोटा नाही. चार्ल्स जॅक्सन फ्रेंचचंच बघा. अमेरिकेच्या नौदलातला हा काळा माणूस. त्याला काम काय, तर गोऱ्या अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं. त्या काळी काळ्यांना तिथं बहुतेक तेवढंच दार उघडं होतं. सप्टेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकॅनाल बेटाजवळ त्याचं 'ग्रेगरी' जहाज रात्री बुडवलं गेलं. जखमी खलाशी एका तराफ्यावर होते, पंधराच्या आसपास. प्रवाह त्यांना जपान्यांच्या किनाऱ्याकडं ओढत होता. फ्रेंचनं कमरेला दोर बांधला आणि कित्येक तास पोहत तो तराफा उलट्या बाजूला ओढून नेला. त्याबद्दल १९४३ साली त्याला एक पत्र मिळालं. शाबासकीचं पत्र, पदक नाही. १९५६ साली तो वारला. पदक दिलं २०२२ साली, आणि त्याच वर्षी बुडत्यांना वाचवायला शिकवणाऱ्या नौदलाच्या एका तलावाला त्याचं नाव दिलं. ८० वर्षं लागली. तर हो, सरकार आपलं कसब वापरतं आणि दाम द्यायला पिढ्या लावतं. हे मी विसरत नाही.

पण दुसरी बाजू आपल्याच घरातली आहे. आपली माणसं इंग्रजांच्या फौजेत होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं तिथल्या स्तंभावर आहेत. फौजेत आपल्या माणसाला लिहायला-वाचायला मिळालं. साहेबाला आपला कळवळा होता म्हणून नाही, त्याला शिकलेला शिपाई पाहिजे होता. गरज संपली तशी १८९२ साली महारांची भरतीच बंद केली. पण शिकवलेलं परत घेता आलं का? रामजी सुभेदार लष्कराच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या पोरानं पुढं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. कोकणातले लष्करी पेन्शनर महाडच्या लढ्यात उभे राहिले. फौजेत शिकलेलं वळण त्यांनी चवदार तळ्यावर वापरलं. आणि भरतीचं बंद दार बाबासाहेबांनी ढकललं तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

शिकवणाऱ्याचा हेतू त्याच्यापाशी राहतो. कसब शिकणाऱ्याच्या अंगात जातं, आणि अंगातलं कसब राजीनाम्याबरोबर परत करायचं नसतं. म्हणून मी त्या पोराला सांगितलं, जा. नोकरी चार वर्षांची आहे, पोहणं जन्माचं आहे. उपकार मानू नकोस. ते तुझं येणं आहे, वसूल कर.

आता कडू बोलतो. रागवा, पण वाचा.

आपण चळवळवाले पोरांना काय करतो? मोर्चा ठरतो. भाषण होतं. सतरा-अठरा वर्षांची पोरं सगळ्यात पुढं. दगड कुठनं येतो कळत नाही, लाठी येते ती कळते. पोरांवर केस पडते. मग जामिनाला कोण? वकील कोण? तारखेला कामावरनं खाडा कोण भरून देणार? एका पोराची नोकरी अशीच गेली. त्याची आई तीन महिने कोर्टाच्या पायऱ्या चढत होती आणि आमच्यातला कुणी तिच्या बरोबर नव्हता. मीही नव्हतो. माझी पाळी होती, असं मी स्वतःला सांगितलं. आम्ही काठावरनं हुकूम देत नव्हतो, आम्हीही मोर्च्यात होतो. मॅकीऑनही पाण्यात होता.

बाबासाहेबांनी काय केलं होतं? डिसेंबर १९२७ मध्ये हजारो माणसं महाडला जमली होती. मरायला तयार होती. कोर्टाचा मनाईहुकूम आला होता. एका शब्दासरशी सगळी तळ्यात उतरली असती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. सत्याग्रह पुढं ढकलला, लढाई कोर्टात नेली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकली. दहा वर्षं. कुणी याला माघार म्हणेल. मला यात माणसांच्या जिवाचा हिशेब दिसतो. आणि दहा वर्षं ते काय सांगत होते? शिका. हा शब्द त्यांच्या घोषणेत पहिला आहे, संघर्ष त्याच्या नंतर येतो. हा क्रम आपण भिंतीवर रंगवतो आणि मोर्च्याच्या दिवशी उलटा करतो.

तेव्हा एवढं करू. पुढच्या मोर्च्याआधी एक रविवार पोरांना बसवून अटक झाल्यावर काय बोलायचं, काय बोलायचं नाही, कशावर सही करायची नाही हे शिकवू. वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात. जामिनाला उभं राहणारी दोन नावं आधी ठरलेली. हे नसेल तर मोर्चा पुढं ढकलू. पोरं काही पळून जात नाहीत.

आणि पोहणंही शिकवू, खरोखरचं. आमच्या खात्यातला एक डॉफर नदीकाठच्या गावचा आहे, चांगला पोहतो. त्याला सुट्टीच्या दिवशी धरून नगरपालिकेच्या तलावावर नेला. जायच्या आधी पोरगा पाचसहा वेळा पाण्यात उतरला. पहिल्या दिवशी त्यानं शिडीची कड सोडली नाही. चौथ्या दिवशी पालथा पडून तरंगला. मीही उतरलो. डॉफरचा हात पोटाखाली होता तेव्हा मला आमच्या गावची विहीर आठवली आणि नाकात पाणी गेलं. आता मी चाळीस मोजेपर्यंत तरंगतो. पाच मिनिटं अजून लांब आहेत.

हा लेख मी तात्यांना वाचून दाखवला. बराच वेळ गप बसले. मग म्हणाले, "रक्ताचं बोललो ते चुकलं बाबा. पर भ्या खरं हाय." तात्यांचं बरोबर आहे. भीती खरी आहे. तिचं कारण आपल्याला खोटं सांगितलं होतं.

तुमच्या वस्तीत कुणाला पोहता येत असेल तर त्याला गाठा.

जय भीम.